गच्चीवरची दगडी ज्वारी

१ मार्च २०१६
जाहिरात पुन्हा वाचली. जीनोमिक्समध्ये पीएच.डी., पुणे. फेलोशिप. वयाची अट नाही. चव्वेचाळीस म्हणजे काही फार नाही. मनस्विनी नोकरीसाठी लेकीला, स्वरालीला घेऊन पुण्यात आहे, पण त्याचा या निर्णयाशी संबंध नाही. कारण निव्वळ संशोधन.
उद्यापासून पाचला उठून अभ्यास.

२ मार्च
सातला उठलो. डास.

६ मार्च
विषय ठरला: दुष्काळात तगणाऱ्या ज्वारीची जनुकं. कॉलेजचा शिपाई कडुबा करमाडचा. त्यानं घरची दगडी ज्वारी आणून दिली. म्हणाला, लई चिवट हाय सर, आमच्या सासऱ्यावानी. गच्चीवर कुंड्यांत पेरली.

२८ मार्च
रोपं वीतभर झाली. आजपासून पाणी पूर्ण बंद. बिल्डिंगचं बोअर आटलंय, टँकर एकाआड एक दिवस. म्हणजे प्रयोग परिस्थितीला धरूनच आहे. समोरच्या भानुमतीकाकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, लेकरं उपाशी ठेवून कसली हो परीक्षा घेता? त्यांचा शंतनू अमेरिकेत, त्यामुळे त्यांना कशातही लेकरं दिसतात. विज्ञान समजावून दिलं. पटलं असावं.

९ एप्रिल
चाळीस अंश. पानं हिरवीगार! कुंडीतली माती किंचित ओलसर लागते. पहाटे दव पडत असणार. एप्रिलमध्ये? आमच्या चिकलठाण्याला विमानतळामुळे मोकळी जागा खूप, तेव्हा शक्य आहे. तरी मनाला पटेना. उद्या पाचला उठून स्वतः पाहायचं.

१० एप्रिल
पावणेसात. शंका घेण्याचा स्वभावच वाईट.

२२ एप्रिल
पुण्याला मुलाखत. मुलाखत घेणाऱ्या बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान. रोपांचे फोटो पाहून खुर्चीत पुढे सरकल्या. विचारलं, पाणी अजिबात नाही? म्हटलं, थेंबसुद्धा नाही.
रात्री मनस्विनीकडे. स्वराली म्हणाली, बाबा, तुझ्या मॅडमना तू अहोजाहो करायचं. सगळे हसलो. परतीच्या बसमध्ये हे आठवत राहिलो. म्हणजे मुलाखत.

६ मे
निवड! अट एकच: त्याच रोपांची पानं तपासणीला आणून द्यायची. पहाटे, उन्हाआधी तोडलेली.

८ मे, पहाट
पाचला उठलो. गच्चीवर भानुमतीकाकू. हातात तांब्या, तांदूळ धुतलेलं पाणी. रोपांना म्हणत होत्या, प्या रे, सर उठायच्या आत.
मला पाहून दचकल्या. म्हणाल्या, रागावू नका, तुमचा प्रयोग बिघडू नये म्हणून थोडंथोडंच घालत होते. मग म्हणाल्या, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. एवढे शिकलेले तुम्ही.

८ मे, संध्याकाळ
संस्थेला खरं काय ते कळवलं. पहिल्या मसुद्यात दवाचा उल्लेख होता. काढला. बाईंचं उत्तर तासाभरात आलं. सभ्य होतं. जागा दुसऱ्याला.
मनस्विनीला फोन केला. ती म्हणाली, असं होय. मग म्हणाली, तुझ्या टेबलासाठी कपाट सरकवून ठेवलं होतं. लावते परत जागेवर.

९ मे
पाचला जाग आली. काही काम नव्हतं. वर गेलो. काकूंनी शेवटची कुंडी पाणी घालायची ठेवली होती. तांब्या माझ्या हातात दिला.