मेण चढलंय, बर्फ नाही

प्रिय गुडवेगताई,

स्की घट्ट धरणारं बाक, कडांना धार लावायची पकड, मेण खरवडायची पाती, सगळं मी माझ्या हातांनी घडवलंय, कुणाकडे न शिकता.

बर्फावर नीट घसराव्यात म्हणून साऱ्या गावाच्या स्कींवर मेण चढवून ठेवलंय. बर्फ पडला की त्याचा वरचा थर खरवडायचा, मगच लोक स्की नेतात आणि पैसे देतात. नाताळ आला तरी दारात चिखलच आहे. काळजी करू नकोस, बटाटे पुरतील. आईचा खोकला कसा आहे?

काल हालवर, तो हॉटेलवाला, दुकानात आला नि म्हणाला, "काय रे, मेणाचं संग्रहालय काढलंस का? माझं यंत्र हे पाच मिनिटांत करतं. दुकान मला देऊन टाक!"

ताई, जानेवारीतही बर्फ पडला नाही तर मी काय करू?

तुझा,
स्टाइनार

ता. क. दुकानाचे तो नव्वद हजार क्रोनर देत होता. मी नाही म्हणालो.