मिरच्यांच्या डब्यात

आत्याबाई,

फोडणीला हा डबा उघडाल, म्हणून चिठ्ठी यातच ठेवली. मी एसटीनं नांदेडला दवाखान्यात चालले, एकटीच.

ईसीजी दोनदा चांगला आला. हे घबराटीचे झटके आहेत. गोळ्या घ्या किंवा दर मंगळवारी येऊन बोला, असं डॉक्टर म्हणाले. मी दोन्ही करणार.

झटका आल्यावर मिरच्या जाळून नजर काढू नका. माया कळते, पण धुरानं दम जास्तच कोंडतो.

(ह्यांना सांगू नका, मोटारसायकल घेऊन मागं येतील.)

मागच्या वेळी घाबरून अर्धापूरलाच उतरले होते. आज तसं वाटलं तर तुम्हालाच फोन करीन. काहीच विचारू नका. अर्धापूर मागं पडेपर्यंत फोनवर मोठ्यानं, सावकाश आकडे मोजत राहा.

उज्वला