जर-तरचा वर्ग

प्रिय क्वेन, माझ्या दूरच्या लेकी,

फोनवर तू रडायला लागलीस की मला काही बोलता येत नाही, म्हणून लिहिते. यंदा पपनसं लवकर तयार झाली. धाकट्या काकांनी निम्मी उतरवून होडीनं बाजारात नेली आणि येताना शिळा मासा घेऊन आले. बाबा सोबत गेले असते तर तो मासा घरी आला नसता.

बघ, मीही तसलंच वाक्य केलं. आपल्या व्हिएतनामीत 'जर' पुढे ठेवला की भागतं, क्रियापद जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र होण्यासारखं, नुसतं कल्पनेतलं आणि आता कधीच न होणारं, या सगळ्याची वाक्यं वेगळी. तुयेतबाईंच्या संध्याकाळच्या वर्गात आम्ही दोघंच म्हातारे, बाकी हॉटेलात नोकरी शोधणारी पोरं. नातीशी बोलता यावं म्हणून बाबांनी माझंही नाव घातलं होतं. पहिल्या प्रकारात ते पटाईत. "बाई, गृहपाठ दिलात तर पपनस मिळणार नाही." दुसऱ्यात, 'मी पक्षी असतो तर'पाशी, अडून बसले. "या वयात पक्षी कशाला? पाहिजे तर म्हैस होतो." मी म्हटलं, "होता कशाला, आहातच की." पोरं कितीतरी वेळ हसत होती.

तिसरा प्रकार आला तेव्हा म्हणाले, "बाई, हे शिकवू नका. हे आम्ही बिनशिकवणीचं करतो." तरी उठून फळ्यावर एक लिहिलंच: माझी मुलगी मेलबर्नला गेली नसती, तर मी या वयात वर्गात बसलो नसतो. बाईंनी बरोबरची खूण केली. घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला ते वाक्य ऐकवत होते. त्यात तक्रार नव्हती, क्वेन. फुशारकी होती.

तू मात्र दर फोनला म्हणतेस, तेव्हा मी विमानात बसले असते तर. तुझे दिवस भरत आले होते, तुला कुणी बसू दिलं नसतं. आणि आली असतीस तरी बाबा भेटले नसते. सकाळी चहा मागितला आणि मी तो गाळेपर्यंत गेले. मी त्याच घरात होते, मलाही भेटले नाहीत.

पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी शोकाच्या पांढऱ्या पट्ट्या जाळायच्या असं काका म्हणतात. आम्ही त्या कपाळाला बांधल्या, बागेतल्या झाडांनाही बांधल्या, नाहीतर मालकामागे झाडं वाळतात. तुझी पट्टी बाबांच्या फोटोपुढे ताटलीत घडी करून ठेवली आहे, न पोचलेल्या लेकराची ठेवतात तशी. काका म्हणाले, "वहिनी, तिचीही जाळू. पोरीला किती अडकवून ठेवायचं?" मी म्हटलं, "बांधलीच नाही, ती सोडायची कशी?" ते म्हणाले, "तर मग तिला बोलवा की. मला काय सांगता?" म्हणून हे पत्र. मुलांना घेऊन ये. घटकाभर कपाळाला बांध, रडायचं तेवढं इथे रड. मग मी माझ्या हातानं ती गाठ सोडीन.

वाट बघणारी, तुझीच,
आई