तिसऱ्या खांबाची खिडकी

१९ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि आई बरे आहात असं धरून चालते. मी ठीक आहे. मैत्रिणीची खोली लहान आहे, पण उजेड भरपूर येतो. आईला सांग, वेळेवर जेवते. तिच्या गुडघ्याचं काय झालं ते वहिनीला विचारायचं राहिलं. ती रिक्षा थांबवूनच आली होती, तुझा कागद हातात दिला आणि गेली.

कागद दोनदा वाचला. ‘सुताराने शटरिंग निष्काळजीपणे बांधल्यामुळे तिसरा खांब सदोष झाला’ असं मी लिहून द्यायचं, मग झालंगेलं विसरून तू मला घरात घेणार. दादा, मी सही करणार नाही. का, ते सांगायला लागले की तू फोन ठेवतोस, म्हणून लिहिते आहे.

खांब भरले त्या दिवसाबद्दल तुला मी कधीच नीट सांगितलं नाही. तू वहिनीला घेऊन दवाखान्यात होतास आणि तासातासाला फोन करत होतास, ‘चारही खांब आजच भरून टाक.’ पहिले दोन रीतसर भरले. वीस फूट उंच खांब. सुतारकाकांनी प्रत्येकाच्या शटरला, त्या फळ्यांच्या साच्याला, मधोमध हातभर खिडकी ठेवली होती. खालचा अर्धा खांब त्या खिडकीतून काँक्रीट ओतून भरायचा, ते हलवून घट्ट बसवायला व्हायब्रेटरही तिथूनच आत सोडायचा, माल तिथवर चढला की खिडकीला फळी ठोकायची आणि उरलेला वरून. काम चोख होतं, पण वेळ खाणारं. तिसऱ्या खांबाला आलो तेव्हा दुपार कलली होती. पंपवाला तोंड वाकडं करून बसला होता. मग तिसऱ्याची खिडकी आधीच बंद झाली आणि सगळा माल वरूनच सोडला गेला. अर्ध्या तासात खांब भरला.

इतक्या उंचीवरून माल सोडला की तो सळयांवर आपटत जातो, खडी वेगळी होऊन तळाला बसते आणि सिमेंटचा रस वरच राहतो. बाबांनी हे आपल्या दोघांनाही शिकवलं होतं. व्हायब्रेटरची नळी तर तळापर्यंत पोचलीच नव्हती.

शटर उघडलं तेव्हा तळाला दोन फूट नुसती खडी होती. माझी मूठ आत गेली आणि आतली सळई बोटांना लागली. तू म्हणालास, ‘इंजिनिअर साहेब यायच्या आत लिंपून टाक.’ मी लिंपलं. थापी माझ्याच हातात होती. तू म्हणालास, अगदी बाबांचा हात आहे. त्या कौतुकानं मला चार दिवस घास गिळवला नाही.

त्याच दुपारी तू सुतारकाकांवर खापर फोडलंस. शटरच्या फटींतून रस गळला म्हणालास आणि सगळ्यांसमोर त्यांना कामावरून काढलंस. ते माझ्याकडे बघत उभे होते. मी मूग गिळून बसले.

वर मी ‘खिडकी बंद झाली’ असं लिहिलं आहे. दादा, खिडकी आपोआप बंद होत नाही. मी बंद करायला लावली. काका नको म्हणत होते. ‘ताई, खाली पोकळ राहील,’ असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी म्हणाले, ‘साइटवर तुमचं चालतं की माझं?’ त्यांनी निमूटपणे खिळे ठोकले.

म्हणून पाचव्या दिवशी मी मालकांच्या इंजिनिअरकडे गेले. तू त्याला चुगली म्हणतोस. भर ऑफिसात, चार माणसांसमोर बोलले, त्याला चुगली म्हणत नाहीत. साहेबांनी येऊन हातोडा मारला, लिंपण ढलपीसारखं गळून पडलं. खांब पाडायचं ठरलं. वर तुळया चढल्या नव्हत्या म्हणून निभावलं. तिथं वाचनालय होणार आहे, दादा. त्या खांबाला टेकून कुणीतरी पुस्तक वाचत बसणार होतं.

तू साइटवर यायचं बंद केलंस. साहेबांनी विचारलं, नवा खांब कोणाच्या जबाबदारीवर? मी म्हणाले, माझ्या. आणि तिथून सरळ सुतारकाकांकडे गेले.

ते अंगणात एका दाराला रंधा मारत होते. मी सगळं सांगितलं. रंधा न थांबवता म्हणाले, ‘मला ठाऊकच आहे की. खिळे मीच ठोकले.’

‘मग दादासमोर बोलला का नाहीत?’

‘तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो.’

काकू चहा घेऊन आल्या, तो माझ्या हातातच निवला. शेवटी काका म्हणाले, ‘येतो मी. पण शटरच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा.’ मी हो म्हणाले.

परवा खांब भरला. शटरच्या बुडाची फट काकांनी आडवं पडून स्वतः बुजवली. तळाला आधी सिमेंट-वाळूचा थर दिला, मग खिडकीतून पंपाची नळी आत सोडून दीड दीड फुटाचे थर घेतले. प्रत्येक थराला व्हायब्रेटर खालच्या थरात जरा रुतवून सावकाश वर ओढला. वरचा माल घट्टसर ठेवला. पंपवाल्यानं पुन्हा तोंड वाकडं केलं, मी त्याला खुर्ची दिली आणि बस म्हणाले. पावणेतीन तास लागले. तू फाटकापर्यंत येऊन परत गेलास, हे वॉचमननं सांगितलं.

आज सकाळी शटर उघडलं. चारही बाजू तळापासून वरपर्यंत भरीव. काकांनी हात फिरवला आणि दुसऱ्या कामाला लागले.

तुझा कागद सोबत परत पाठवते आहे, सही न करताच. माझा जबाब मी सकाळीच साहेबांना लिहून दिला. त्यात खिडकी आहे, थापी आहे, आणि लिंपायला कोणी सांगितलं तेही आहे. तुला आवडणार नाही. ‘बाईमाणसाला साइटवर आणलं हीच चूक’ असं तू म्हणतोस. म्हण. चौथ्या खांबाची तपासणी सोमवारी आहे, तोही माझ्याच हाताखाली भरला होता. मी तिथं असणार.

त्याआधी रविवारी आईला भेटायला घरी येते आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे. दार तू नाही उघडलंस तर आई उघडेल, गुडघा दुखत असला तरी.

तू मान किंवा मानू नकोस,
तुझी धाकटी बहीण