वहिनीच्या थकव्यावर औषध विचारलंत म्हणून

जळगाव, चैत्र वद्य दशमी

तीर्थस्वरूप पितांबर नाना यांच्या पायांवर धाकटी बहीण द्रौपदा हिचं डोकं. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, तिकडे पिंपळनेरला तुम्हीही असाल असं धरून चालते. तुमचे गुडघे, म्हशीचा कान आणि धाकट्याची परीक्षा, तिन्हींचं काय झालं ते कळवावं. (म्हशीचं आधी कळवा. परीक्षेचं मला न सांगता माहीत आहे.) निळ्या पत्रात माझं बोलणं मावणार नाही, म्हणून गेल्या सालच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिते आहे. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर वाकडं, पण बोलणं सरळ. राग आला तर तिथल्या तिथे करून घ्या, इथवर ऐकू येत नाही.

तुम्ही लिहिलंत की लिलावहिनीला दोन महिन्यांपासून थकवा आहे, सकाळी उठवत नाही, हातापायांत बळ नाही, म्हणून यंदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मला घ्यायला मुराळी पाठवत नाही, घरात झेपणार नाही. आणि जळगाव मोठं गाव, मोठे डॉक्टर, तेव्हा थकव्यावर तिकडचे लोक काय करतात ते विचारून कळव. मुराळ्याचं राहू द्या. मला काही एवढी हौस नाही. लग्न झाल्यापासून दर आखाजीला माहेरच्या झोक्यावर बसले, पुष्कळ झालं. औषधाचं मात्र सविस्तर लिहिते, कारण होळीपासून आमच्या घरात थकव्याशिवाय दुसरा विषय नाही.

सुरुवात तुमच्या पाहुण्यांपासून करते. तुमचे पाहुणे म्हणजे माझे हे, डाळमिलमध्ये काट्यावर बसतात हे तुम्हाला माहीतच आहे. बसतात हा शब्द लक्षात ठेवा. पोतं हमाल उचलतो, वजन काटा सांगतो, हे मान हलवतात. तर होळीनंतर एक दिवस त्यांची मान थकली. घरी आले, खाटेवर पडले, पत्र्याकडे बघत म्हणाले, "मना आंगमा दम नही व." मी म्हटलं, दम लग्नातही नव्हता, पण तेव्हा बँड वाजत होता म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. यावर हसायचं सोडून त्यांनी कूस बदलली, तेव्हा मला कळलं की प्रकरण लांबणार.

आमच्या शेजारी लीलाधरआप्पा राहतात. तलाठी होते, आता नुसते आहेत. ते पेपरची रविवारची पुरवणी वाचतात आणि सोमवारपासून दुसऱ्यांवर करून बघतात. त्यांनी सांगितलं, पहाटे उठून दवाने भिजलेल्या गवतावर अनवाणी चालायचं, अंगातली शक्ती जागी होते. नाना, जळगावात चैत्रात दव! इथे पहाटेसुद्धा फरशीवर पाय ठेवला तर तव्यावरच्या भाकरीसारखा उचलावा लागतो. गवत म्हणाल तर एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यात होतं, तिथला माळी रोज पाणी घालायचा. हे दोघे तिथे कुंपणातून शिरून चालायला लागले. माळ्याने नळीचं तोंड तेवढं यांच्याकडे फिरवलं. तुमचे पाहुणे डोक्यापासून धोतरापर्यंत भिजून घरी आले आणि म्हणतात कसे, की फार ताजंतवानं वाटतंय. मग एवढ्यासाठी साहेबाचं गवत कशाला तुडवायचं, मी घरीच बादली ओतली असती, आणि मला बरंही वाटलं असतं.

मग भिजवण्याचं पर्व आलं. पाच बदाम, मूठभर काळे हरभरे, मनुका, मेथ्या, सगळं रात्री वेगवेगळ्या वाटीत भिजवायचं आणि सकाळी उपाशीपोटी चावून खायचं. थकलेला माणूस चावणार फक्त. भिजवायचं मी, निथळायचं मी, बदामाची सालं काढायची मी, आणि हरभऱ्यांनी दिवसभर त्यांच्या पोटात जो कारभार केला त्याच्या शेजारी बसायचंही मीच. मग कोणी सांगितलं की तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं, सगळी उष्णता वाटीत उतरते, वाटी काळी पडते, माणूस हलका होतो. वाटी काळी पडली खरी, पाय न धुता खाटेवर चढण्याची सवय असली की पडणारच. एकेका पायाला अर्धा तास. दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागायचे, आणि माझा हात थांबला की एक डोळा उघडायचे. माझा खांदा धरला त्यावर काय घासायचं हे आप्पांच्या पुरवणीत आलं नव्हतं. त्यानंतर तपकिरी बाटलीतलं टॉनिक आणलं. त्याने भूक वाढली. आधी चार भाकरी खाऊन थकत होते, आता सहा खाऊन थकायला लागले. (वरच्या दोन कोणी थापल्या हे विचारू नका.)

सगळ्यावरचा उपाय म्हणजे सलाईन. आमच्याकडे त्याला बाटली लावणं म्हणतात आणि ज्याने उन्हाळ्यात एक तरी बाटली लावली नाही त्याला गल्लीत मान नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरचा कंपाउंडर निंबा घरी आला, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीचा खिळा मोकळा केला (देव तेवढा वेळ डब्यावर बसला), त्याला बाटली टांगली आणि सुई टोचली. आता कोणाला बाटली लागली की भेटायला जायचंच, ही आपल्याकडची रीत. न गेलं तर पुढे लग्नकार्यात बोलणी बसतात. त्यामुळे आठ दिवस माणसांची रीघ लागली. डाळमिलचे हमाल आले, मुकादम आला, माझ्या जावेच्या माहेरचे लोक आले ज्यांची तोंडं मी पूर्वी पाहिली नव्हती. प्रत्येकाच्या हातात बिस्किटाचा पुडा आणि तोंडात एक उपाय. लिंबू-मीठ-साखर, उसाचा रस, नाकात तूप, खडीसाखर आणि बडीशेप. प्रत्येक जण बसला की चहा. मी चौदाव्या चहापर्यंत मोजले, पुढे मोजण्याचंही बळ राहिलं नाही. हे उशाला लोड घेऊन पडलेले, बोट वर करून सांगायचे, "अर्धा कप अजून शे का?" पलीकडच्या घरात रहिमाबी गोधड्या शिवते, ती भिंतीवरून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "द्रौपदाबाई, इनको बाटली नहीं, झाडू दो." एवढ्या लोकांत खरा डॉक्टर तीच.

त्याच आठवड्यात आमची वर्षाच्या पापडांची, बिबडी घालायची पाळी. आता ज्वारी भिजवा, वाटा, पहाटे चुलीवर घाटा शिजवा आणि उन्हं चढायच्या आत खाटेवर ओल्या धोतरावर थापा. गल्लीतल्या सहा बायका आल्या होत्या. मी खाटेच्या कडेला बसून थापता थापता जरा टेकले. बस, टेकले. पुढचं मला आठवत नाही. जाग आली ती "जपी गयी व माय, बठ्ठा बिबडासवर जपी गयी" या ओरड्याने. डोकं खाटेवर, गाल बिबड्यावर, आणि उन्हाने बिबडं असं वाळलं होतं की ते गालासकट निघेना. बायका हसून हसून लोळल्या. मीही हसले असते पण एका बाजूचं तोंड हलत नव्हतं. तुमचे पाहुणे आतून बघायला आले आणि म्हणाले की दिवसाढवळ्या काय झोपा काढतेस. मी गालावरचं बिबडं ओढून काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

मग रहिमाबीनेच निंबाला बोलावलं आणि मला बाटली लावायला लावली. नाना, खोटं कशाला सांगू, सुई टोचली आणि मला वाटलं आता कोणी उठवणार नाही, हाताला नळी आहे. डोळा लागतो न लागतो तोच माणसं हजर. रीत आहे ना, भेटायला आलंच पाहिजे. आप्पा, त्यांची बायको, मुकादम, अजून पाच-सहा जण. बसले. मी डोळे मिटून पडून राहिले. स्वयंपाकघरात भांडी पडल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, आणि मग तुमचे पाहुणे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, साखर कोणत्या डब्यात? मी उठले. एका हाताने खिळ्यावरची बाटली काढली, ती वर धरून चुलीपाशी गेले, गाळणीच्या खिळ्याला टांगली, आणि उजव्या हाताने नऊ कप चहा केला. डाव्या हातात थेंब चालूच होते.

आणि लोक काय म्हणाले असतील? कोणी म्हणालं का, की बाईला झोपू द्या? आप्पा कप हातात घेऊन म्हणाले, बघा, याला म्हणतात औषध, बाटली अर्धीही झाली नाही तोवर बाई उठून कामाला लागली! दुसऱ्या दिवशी अर्धी गल्ली त्या डॉक्टरकडे रांगेत. निंबा सायकलच्या दोन्ही बाजूंना बाटल्या लटकवून फिरतो आहे आणि मी दिसले की नमस्कार करतो. असे हे जळगावचे मोठे डॉक्टर आणि असे त्यांचे गुण. तेव्हा वहिनीला गवतावर चालवू नका, हरभरे भिजवू नका (भिजवणार तीच ना), बाटली तर मुळीच लावू नका, नाहीतर सगळं पिंपळनेर भेटायला येईल. थकवा हा पुरुषांनी पाळायचा आणि बायकांनी धुवायचा प्रकार आहे, एवढंच मला कळलं. मुराळ्याचं अजिबात मनावर घेऊ नका. मोठ्यांना नमस्कार, लहानांच्या पाठीत एकेक लाडाचा धपाटा.

तुमची द्रौपदा

ता. क. वर लिहिलंय की मनावर घेऊ नका, ते खोडा. मनावर घ्या. नाना, मला आलंच पाहिजे. सबंध वर्षात चार दिवस असतात जेव्हा मला कोणी डबा कुठे, वाटी कुठे विचारत नाही. झोक्यावर बसायचं, आमरस खायचा आणि दुपारी आडवं व्हायचं, एवढ्यावर मी बाकीचं साल ढकलते. यंदा ते चार दिवस नाही मिळाले तर मी पुढच्या आखाजीपर्यंत पोचेन असं मला वाटत नाही. आणि मुराळ्याशिवाय लेक आली तर गाव नाव ठेवतं, म्हणून कोणालाही पाठवा, धाकट्याला पाठवा, नापास झाला असला तरी एस.टी.त बसता येतं.

ता. क. दुसरा. काल पत्र टाकणार होते, पण रहिमाबीला वाचून दाखवलं. बिबड्यापाशी ती खूप हसली. मग सुईत दोरा ओवताना सहज म्हणाली, "और भाभी को लेने कौन आता है?" मी म्हटलं, कोणी नाही. वहिनीचं माहेर बोदवडचं, आईबाप गेले, एकटा भाऊ वना, रेल्वेत गँगमन, आखाजीला त्याला सुट्टी मिळत नाही. आणि मिळाली असती तरी वहिनी कशी जाणार, त्याच दिवशी आम्ही तिघी नणंदा पोरांसकट येऊन बसतो. रहिमाबी टाके घालत राहिली. नाना, रात्रभर मी तोच विचार केला. पंधरा आखाज्या मी झोक्यावरून ओरडले आहे की वहिनी, रस आणा, वहिनी, मांडे गरम आणा. मांडे भाजायच्या खापरावरून उठून ती एकदा तरी झोक्यावर बसली होती का हे आठवायला गेले, तर मला तिची पाठच आठवते. दोन महिन्यांचा थकवा म्हणता तुम्ही. तो पंधरा वर्षांचा आहे, आणि त्यातला तिसरा हिस्सा माझा आहे. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण शाई वाळली.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. मुराळी पाठवू नका. सोमवारी सकाळच्या धुळ्याच्या गाडीने मीच येते, कदाचित या पत्राच्या आधीच दारात असेन. तुमच्या पाहुण्यांना अजून सांगितलेलं नाही, पत्र पेटीत टाकून आल्यावर सांगेन. मी तुमच्याकडे आखाजीला येत नाही, वहिनीला बोदवडला घेऊन जायला येते आहे. तिला पोचवून मीही चार दिवस तिथेच राहणार, वना स्वतः भाकरी थापतो म्हणतात, असा माणूस एकदा बघायचाच आहे. बाकी दोघी बहिणींना कळवा की यायचं तर पुरण घाटूनच या. बाईमाणूस मुराळी आलेली गावाने पाहिली नसेल, पाहू द्या. वहिनीला म्हणावं, नवं लुगडं वर काढून ठेव. आणि तुम्ही दारात "ये द्रौपदा, बस" म्हणू नका, मी बसायला येत नाही. दुपारची गाडी गाठायची आहे.