आधी काप, मग मिठात घाल

तीर्थरूप मामांना,

तुमच्या दुकानातल्या स्टुलावरून उठून थेट कारखान्यात गेलेल्या भाचीचा साष्टांग नमस्कार. तुमची पाठ कशी आहे? मामीचा गुडघा? दुकानाचं शटर अजून अर्ध्यावरच अडकतं, की तुम्ही त्याला (मी शंभरदा सांगितल्याप्रमाणे) एकदाचं तेल घातलंत? मी खुशाल आहे. बोटं सगळी जागच्या जागी आहेत हे आईला आवर्जून सांगा, कारण फोनवर ती आधी बोटांची चौकशी करते आणि जेवलीस का, हे मागाहून विचारते.

तुम्ही विचारलंत, कायम झालीस का. मामा, माझी उमेदवारी याच महिन्यात संपतेय. कायम केलं तर ठीक, नाही तर आईला कबूल केल्याप्रमाणे गाशा गुंडाळायचा आणि मावशीच्या दातांच्या दवाखान्यात फोन उचलत बसायचं. मावशीवर माझा जीव आहे, पण दिवसभर आतल्या मशीनची घरघर ऐकत, गाल धरून बसलेल्या माणसांना हसून ‘पुढचा नंबर तुमचाच’ म्हणणं मला जमायचं नाही. मला काचच आवडते, त्याला मी काय करू? आईपुढे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात (‘काचेला हात लावावा तर या पोरीनं’ असं म्हणालात म्हणे, मामीनं सांगितलं), म्हणून पुढचा मजकूर कृपा करून बसून वाचा. हातात काच असेल तर आधी खाली ठेवा.

इथे मोबाइलच्या आणि मनगटी घड्याळांच्या काचा होतात. तुम्ही फ्रेमला लावता ती काच यांच्यापुढे फरशी म्हणायची. मोठा तक्ता येतो, त्यावर टणक चाकानं रेघ मारतात, रेघेवर तुकडे मोडतात, कडा घासून गुळगुळीत करतात आणि मग ते चिमुकले तुकडे स्टीलच्या जाळ्यांत उभे करून वितळलेल्या मिठाच्या हौदात तासन्‌तास बुडवतात. (जेवणातलं मीठ नव्हे. मी पहिल्या दिवशी हेच विचारलं, तेव्हापासून जेवायच्या सुट्टीत जो तो माझ्या डब्यात डोकावून ‘मीठ बरोबर पडलंय ना?’ म्हणतो.) हौद ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना सगळे भट्टीबाई म्हणतात. त्यांनी मला समजावलं, की काचेच्या अंगातले बारीक कण हौदात बाहेर पडतात आणि मिठातले थोराड कण त्यांच्या जागी घुसतात. म्हणजे कोचावरून मुलांना उठवायचं आणि त्याच जागेत काकामंडळींना बसवायचं. सगळे इतके दाटीवाटीनं बसतात की मध्ये नख शिरत नाही, मग तडा कुठून शिरणार? अशी काच वाकते, ठोका खाते, पण फुटत नाही. मी स्वतः वाकवून पाहिली.

आमच्या कटिंगच्या साहेबांचं नाव हळूसाहेब. (खरं नाव कुणाला आठवत नाही, त्यांनाही क्वचितच.) सकाळी दारात पाऊल टाकल्यापासून ‘हळू, हळू’ सुरू होतं ते संध्याकाळपर्यंत. परवा चहाचा कप उचलतानाही ते स्वतःलाच हळू म्हणाले. तर या हळूसाहेबांच्या हाताखाली मी चांगली रुळले होते आणि तिथेच माझी बुद्धी चालायला लागली. घड्याळाच्या काचा एवढ्याशा, त्या जाळीत उभ्या करताना निसटतात, कडा उडतात, साहेबांचा जीव वरखाली होतो. मी मनात म्हटलं, आमच्या मामांच्या दुकानात असला द्राविडी प्राणायाम नसतो. तिथे मोठी काच तयार ठेवायची आणि गिऱ्हाईक येईल तसं मापाला कापून द्यायचं. मग इथेही अख्खा तक्ताच मिठातून काढून ठेवावा आणि लागेल तसे तुकडे कापावेत! एवढी सोपी गोष्ट या शिकल्यासवरल्या माणसांना सुचू नये याची मला कीव आली. (ती कीव मी आता परत घेतली आहे.)

साहेब मुलीच्या शाळेत गेले होते तो दिवस मी साधला. एवढा तक्ता अख्खाच घालायचा का, असं भट्टीबाईंनी विचारलं. मी हो म्हणाले नाही. मी फक्त मान अशी हलवली, की ज्याला जो हवा तो अर्थ घेता यावा. दुसऱ्या दिवशी तक्ता बाहेर आला तो काय देखणा! धुतला, पुसला, खाली चिकट फिल्म लावून टेबलावर आडवा केला आणि घरून निघताना तुम्ही दिलेली काच कापायची हिरकणी खिशातून काढली. म्हटलं, पहिली रेघ मामांच्या हत्यारानंच मारायची. आणि नेमके त्याच वेळी हळूसाहेब ग्राहक कंपनीच्या पाहुण्यांना घेऊन आत आले. पांढऱ्या टोप्या घातलेली ती माणसं माझ्या टेबलाभोवती उभी राहिली. मला वाटलं, नशीब उघडलं.

मी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि रेघ ओढली. हिरकणी नुसतीच घसरली. मी जरा जोर लावला. मामा, काच फुटल्याचा आवाज तुम्ही जन्मभर ऐकला आहे, हा तसला नव्हता. कुणीतरी कुजबुजल्यासारखं झालं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्ख्या तक्त्याचा चुरा झाला. फिल्ममुळे कण न्‌ कण जागेवर राहिला, पण पलीकडचं काही दिसेना. हिरकणी माझ्या हातात तशीच. हळूसाहेब पहिल्यांदाच हळू म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “झालं?”

डोळ्यांसमोर मावशीच्या दवाखान्यातला फोन वाजायला लागला. एवढ्यात पाहुण्यांतल्या सगळ्यात उंच गृहस्थांनी विचारलं, हे तुम्ही नेहमी करून दाखवता का? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, हो, काच आधी का कापतात ते पाहुण्यांना पटावं म्हणून. पाहुणे खूश! चारी बाजूंनी फोटो काढले. ते गेल्यावर भट्टीबाईंनी मला बाजूला घेतलं. दाटीनं बसलेल्या काकांपैकी एकाला तू मधूनच उठवलंस, मग सगळेच उठले, असं म्हणून त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. साहेब मात्र हसले नाहीत. उद्या सकाळी ये, बोलायचंय, एवढंच म्हणाले. उद्या काय होणार ते मला ठाऊक नाही. काही झालं तरी तुमचा शब्द खाली पडला याचं मला फार वाईट वाटतंय. माझं स्टूल तूर्त कुणाला देऊ नका.

मामीला नमस्कार, आईला यातलं काही सांगायला नको.

तुमची आज्ञाधारक (तो तक्ता सोडून),
भाची

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. साहेबांनी पाऊण तास झापलं आणि शेवटी कायम केल्याचं सांगितलं. म्हणाले, काचेचा हात चांगला आहे, डोकं आपण हळूहळू घडवू. अट एकच, हिरकणी घरी पाठवायची. ती सोबत पाठवतेय. तिला बोलू नका, तिची काही चूक नाही.

दुसरा ता. क. आता खरं काम. तो चुरा झालेला तक्ता फ्रेम करून कटिंगच्या दाराशी लावायचा असं ठरलंय, नव्या माणसांना दाखवायला. खाली पाटी: ‘आधी काप, मग मिठात घाल’. चांगली फ्रेम कोण करतं असं साहेबांनी विचारलं, मी दुसरं कुणाचं नाव घेणार? तक्ता लाकडी खोक्यातून येतोय. वर तुमची साधी काच घाला, अगदी मापाला कापून.

तिसरा ता. क. आईला एवढंच सांगा, की पोरगी कायम झाली आणि तिचं काम साहेबांनी फ्रेम करून भिंतीवर लावलंय. यातलं एक अक्षरही खोटं नाही. फक्त ती दुकानात आली, तर फ्रेमचं तोंड भिंतीकडे करून ठेवा.