फळी कुणाच्या कोपराला?

प्रिय रामिरो,

भिंतीतली शेकोटी अजून अर्धवट आहे, म्हणून घर विकायचं की नाही याचं उत्तरही अडलंय. तू ईस्टरला आलास तेव्हा मीच म्हणाले होते, भिंतीला दगड लागू दे, वर फळी बसू दे, मग सांगते. तू फोनवर विचारतोस आणि मी विषय बदलते. तोंडाने सांगायला जमत नाही, म्हणून लिहायला बसले.

गवंडी म्हणजे तळ्यापलीकडचे बेलिसारियो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तू सुचवलेला माणूस पंधरवड्यात उरकणार होता, हे गृहस्थ झाडांची पानं गळून गेली तरी दगडच लावताहेत. मी हौसेने नदीतले गोटे गाडीभर आणून ठेवले होते. तर म्हणाले, यांच्या पोटात पाणी असतं, जाळ लागला की फुटून तुमच्या मांडीवर येतील. मग डोंगरातला दगड आणला. शुक्रवारी लावलेला दगड सोमवारी काढायचा, का तर म्हणे तिरका वाटतो. मला कसलं राहवतंय! ते गेल्यावर तुझ्या बाबांची पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा अगदी मधोमध. मग काढतात कशाला? दिवस वाढवून मजुरी वाढवावी, तर काम उक्तं घेतलेलं.

दुसरं कोडं येर्बाच्या कडू चहाचं. आपल्याकडे कुणी 'आभारी आहे' म्हटलं की आपण त्याला पुन्हा पेला भरून देत नाही. बाकीचे कामकरी दोन-चार पेले पितात, आभार मानतात, उठतात. हे शब्दच काढत नाहीत. मी भरते, ते पितात, मी पुन्हा भरते. किटली संपते आणि भिंत तिथल्या तिथे. मला आधी वाटलं, रीतभात नाही माणसाला. शेजारच्या ओतिलियाने खिडकीतून सगळं पाहिलं आणि म्हणाली, अगं, त्याला घाई नाहीये, तुला दिसत कसं नाही? मी तिला गप्प बस म्हटलं आणि दिवसभर एकटीच हसत राहिले.

आता फळी. बाबांनी शेडमध्ये वाळत ठेवलेली सायप्रसची तुळई आठवते ना? फळीसाठी तिला मीच रंधा मारला. बेलिसारियोंची पद्धत अशी की घरातलं माणूस उभं राहून जिथे कोपर टेकणार, त्या उंचीला फळी बसवायची. मी पडले बुटकी, माझ्या कोपराला लावली तर खालून जळेल. तुझं धरावं, तर तू येणार वर्षातून दोनदा. मग कुणाचं धरायचं, म्हणून मी विचारलं. त्यांनी थापी पुसून बाजूला ठेवली.

"एल्सिराबाई, तुमची हरकत नसेल तर माझं धरा," म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

फळी शनिवारी बसेल, त्यांच्या कोपराला. परवानगी मागत नाही रे, या वयात कसली परवानगी! पण तुळई तुझ्या बाबांची आहे, आणि हे तुला ओतिलियाकडून कळलं असतं तर मला सोसलं नसतं. बाबांची आठवण रोज येते. तरी संध्याकाळी घरात दुसऱ्या कुणाचा आवाज असावा असंही वाटतं, फार वाटतं. घर विकायचं नाही, रामिरो. हिवाळ्याच्या सुट्टीत ये. आणि आलास की त्यांना 'मिस्त्री' म्हणून हाक मारू नकोस.

तुझीच,
आई